खोकल्याच्या बाटलीपासून टीबी फोरमपर्यंत: क्षयरोगाविरुद्धच्या लोकसहभागाची पार्श्वभूमी

१९६०च्या दशकाच्या सुरुवातीला बंगळूरच्या राष्ट्रीय क्षयरोग संस्थेने जवळच्या तुमकूर जिल्ह्यात एक साधी चौकशी केली. क्षयाच्या रुग्णाला आपल्याला काहीतरी झालंय हे कळतं का, आणि कळलं तर तो काय करतो? सरकारी वर्तुळात याचं उत्तर ठरलेलं होतं (आजही फारसं बदललेलं नाही): लोक अडाणी, दुखणं अंगावर काढतात. बॅनर्जी आणि अँडरसन यांचा हा अभ्यास १९६३ साली प्रसिद्ध झाला तेव्हा त्यातून भलतंच निघालं. बहुतेकांना लक्षणं जाणवत होती. निम्म्याहून अधिक जण इलाजासाठी घराबाहेर पडले होते, आणि त्यातले पुष्कळ सरकारी दवाखान्यातच गेले होते. तिथे त्यांना खोकल्याच्या औषधाची बाटली देऊन परत पाठवलं गेलं. बेडका तपासायचं कुणाच्या मनात आलं नाही.

क्षयाच्या लढाईत ‘लोकसहभाग’ हा शब्द आला की मला ही बाटली आठवते. लोक आलेच होते.

त्याआधीचा काळ सॅनिटोरियमचा, म्हणजे क्षयाच्या रुग्णांना ठेवायच्या आरोग्यधामांचा. रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये क्षयाचा जंतू जाहीर केला, पण जंतू सापडला म्हणून औषध सापडलं नव्हतं. डॉ. आनंदीबाई जोशी अमेरिकेहून डॉक्टर होऊन आल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात क्षयानेच गेल्या. वैद्य, डॉक्टर, कुणाकडेच इलाज नव्हता. मोकळी हवा, विश्रांती आणि चांगलं खाणं एवढंच हाती होतं, आणि तेही सरकारने नव्हे, मिशनरी आणि दानशूर मंडळींनी पुरवलं. १९०६ साली अजमेरजवळ तिलोनियाला देशातलं पहिलं सॅनिटोरियम निघालं, १९१५ साली आंध्रातल्या मदनपल्लीला. आपल्याकडे मिरजेजवळची वानलेसवाडी डॉ. विल्यम वानलेस यांच्या नावाने वसली, आणि पाचगणीची हवा ‘छातीच्या दुखण्याला’ चांगली म्हणून प्रसिद्ध झाली. पण हवा चांगली असली तरी खाटा किती? देशाच्या आरोग्यसेवेचा आढावा घेणाऱ्या १९४६च्या भोर समितीच्या अंदाजाने देशात क्षयाचे सुमारे २५ लाख रुग्ण होते आणि त्यांच्यासाठी खाटा होत्या जेमतेम ६,०००.

या काळात सामान्य माणसाचा सहभाग म्हणजे वर्गणी. १९०४ साली डेन्मार्कमधल्या आयनर होलब्योल नावाच्या पोस्टातल्या माणसाला कल्पना सुचली होती की नाताळच्या पत्रांवर तिकिटाशेजारी आणखी एक छोटं तिकीट लावावं आणि त्याचे पैसे क्षयाच्या रुग्णांना द्यावेत. १९३९ साली स्थापन झालेल्या भारतीय क्षयरोग संघाने ती पुढे आपल्याकडे आणली. १९५० पासून दरवर्षी गांधी जयंतीला या तिकिटांची, म्हणजे टीबी सीलची विक्री सुरू व्हायची. पैसे देणारा वेगळा, खोकणारा वेगळा. खोकणाऱ्याने काही करावं अशी अपेक्षाच नव्हती.

ते बदललं मद्रासमध्ये. तोवर स्ट्रेप्टोमायसिन, पास आणि आयसोनियाझिड ही औषधं आली होती. प्रश्न असा होता की गोळ्या द्यायला माणूस सॅनिटोरियममध्ये ठेवलाच पाहिजे का? १९५६ साली भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटिश मेडिकल रिसर्च कौन्सिल यांनी मिळून तिथे केंद्र काढलं. शहरातल्या गरीब वस्त्यांमधले १९३ रुग्ण घेतले. चिठ्ठी टाकावी तसे दोन गट केले: एक सॅनिटोरियममध्ये, एक घरी. दोघांना तीच औषधं, वर्षभर. घरी राहणाऱ्यांची खोली एक, माणसं अनेक, जेवण बेताचं, आणि कित्येकांना काम सोडून पडून राहणं परवडणारं नव्हतं. तरीही १९५९ साली निकाल आला तो असा की घरी राहून औषध घेणारे जवळपास तेवढेच बरे झाले. शिवाय घरातल्या माणसांना जास्त लागण झाली, असंही दिसलं नाही.

या निकालाचं महत्त्व वैद्यकीय आहे तेवढंच सामाजिकही आहे. खाट गेली, घर आलं. आता गोळी वेळेवर घेतली की नाही, हे आई, नवरा, सून, शेजारी यांच्यावर आलं. ते कसं पाहायचं, ही अडचण त्या केंद्रालाही होतीच. तिथले लोक अचानक घरी जाऊन गोळ्या मोजत आणि लघवी तपासून औषध पोटात गेलंय का ते बघत. विश्वास आणि पहारा यांची ही जोडी पुढे साठ वर्षं सुटली नाही.

१९५५ ते १९५८ च्या राष्ट्रीय पाहणीने क्षय हा शहरी गिरण्यांचा रोग नसून खेड्यातही तेवढाच आहे हे दाखवलं होतं. मद्रासचा निकाल, ही पाहणी आणि बंगळूरची चौकशी यांतून १९६२ साली राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रम उभा राहिला. कागदावर तो सुंदर होता: स्वतंत्र दवाखाना नको, जो माणूस खोकला घेऊन येईल त्याची साध्या आरोग्य केंद्रातच बेडका तपासणी करायची. प्रत्यक्षात औषधांचा तुटवडा, बेडक्याऐवजी एक्स-रेवर भिस्त, आणि पाठपुरावा नाही. १९९२ साली सरकारने जागतिक आरोग्य संघटना आणि स्वीडनच्या सीडा संस्थेसोबत आढावा घेतला तेव्हा निम्म्याहून कमी रुग्ण कोर्स पुरा करत असल्याचं दिसलं. कोर्स अर्धवट सोडणाऱ्याला ‘डिफॉल्टर’ म्हणायची पद्धत त्याच काळातली. दवाखान्यात गोळ्या संपल्या तरी डिफॉल्टर मात्र रुग्णच.

मग डॉट्स आलं, म्हणजे कुणाच्या तरी नजरेसमोर गोळी घ्यायची पद्धत. १९९३ साली प्रायोगिक सुरुवात, १९९७ पासून विस्तार, मार्च २००६ पर्यंत सगळा देश. मला यातली सगळ्यात चांगली गोष्ट वाटते ती खोक्याची. रुग्णाच्या नावाचा एक खोका, त्यात पूर्ण कोर्सच्या गोळ्या. नव्या रुग्णाला लाल, पुन्हा उपचार लागणाऱ्याला निळा. त्या खोक्यातली गोळी दुसऱ्याला द्यायची नाही, म्हणजे मधेच ‘स्टॉक नाही, पुढच्या आठवड्यात या’ हे ऐकावं लागत नव्हतं. गोळी समोर बसून गिळायची, आणि समोर बसणारी व्यक्ती घरची नसावी, हा सुरुवातीचा नियम. अंगणवाडी सेविका, दुकानदार, शिक्षक, आधी बरा झालेला रुग्ण, कुणीही चालत असे. कोर्स पुरा झाला की त्या माणसाला २५० रुपये मानधन. सरकारने गावातल्या माणसाला कामाचं नाव आणि मोबदला दिला, पण ते काम होतं नजर ठेवण्याचं. रोजंदारीवर जाणाऱ्या बाईला आठवड्यातून तीनदा दुसऱ्याच्या दारात जाऊन गोळी गिळायची म्हणजे काय, हे नियम करणाऱ्याने फारसं मोजलं नसावं.

याच काळात दुसरा मोठा भागीदार बाहेरच उभा होता: खासगी डॉक्टर. पहिला खोकला घेऊन माणूस जातो तो गल्लीतल्या डॉक्टरकडे. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मुकुंद उपळेकर आणि त्यांच्या सहकाऱ्याने मुंबईच्या झोपडपट्टीतल्या १०० खासगी डॉक्टरांना क्षयाला काय लिहून देता ते विचारलं. उत्तरात ८० वेगवेगळे नमुने निघाले. हसावं की रडावं कळत नाही. या डॉक्टरांना शिव्या देणं सोपं होतं. हैदराबादच्या महावीर रुग्णालयाने १९९५ पासून वेगळी वाट धरली. डॉक्टरांनी संशयित रुग्ण पाठवायचा, तपासणी आणि औषध मोफत, आणि रुग्णाचं काय चाललंय ते पाठवणाऱ्या डॉक्टरला कळवत राहायचं. ‘माझा पेशंट पळवला’ ही भीती त्यामुळे निघाली. सरकार औषधं पुरवी, रुग्णालय मधला दुवा सांभाळी. नंतरच्या अनेक योजनांचा साचा इथला आहे. ७ मे २०१२ रोजी प्रत्येक रुग्णाची नोंद खासगी डॉक्टरवरही बंधनकारक झाली, आणि २०१४ पासून मुंबई आणि पाटण्यात खासगी डॉक्टरच्या रुग्णाला व्हाउचरवर मोफत औषध मिळू लागलं. २०१७ साली, सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेल्या वादानंतर, आठवड्यातून तीनदाची गोळी जाऊन रोजची आली.

आणि रुग्ण? तो टेबलाशी आला सगळ्यात शेवटी. बरे झालेले लोक ‘टीबी चॅम्पियन’ म्हणून बोलू लागले, आणि गेल्या दशकाच्या अखेरीस राष्ट्रीय, राज्य, जिल्हा अशा पातळ्यांवर टीबी फोरम नावाच्या समित्या नेमल्या गेल्या, ज्यांत त्यांना सदस्य म्हणून जागा आहे. तुमकूरच्या बाटलीपासून या खुर्चीपर्यंत पन्नासहून जास्त वर्षं गेली. खुर्ची मिळाली म्हणजे शब्द चालतो असं नाही, हे ग्रामसभेला बसलेल्या कुणालाही सांगायला नको.

पैसा आणि पोट यांचा विचारही उशिराच आला. एप्रिल २०१८ पासून सरकारच्या निक्षय पोषण योजनेत रुग्णाच्या खात्यात महिन्याला ५०० रुपये येऊ लागले, नोव्हेंबर २०२४ पासून ते १,००० झाले. २०२३ साली झारखंडमधल्या एका मोठ्या चाचणीचे निकाल आले: रुग्णाच्या घरच्यांना नीट शिधा दिला तर त्यांच्यातलं क्षयाचं प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी होतं. सॅनिटोरियमवाल्यांचं ‘चांगलं खाणं’ अगदीच चुकीचं नव्हतं तर. फक्त ते एकट्या रुग्णाच्या ताटापुरतं पाहत होते.

९ सप्टेंबर २०२२ पासून ‘निक्षय मित्र’ आले: कुणीही नागरिक, कंपनी, संस्था रुग्ण दत्तक घेऊन दरमहा शिधा देऊ शकते. टीबी सीलची वर्गणीच ही, पिशवीच्या रूपात परतलेली. एक फरक आहे. सील विकत घेणाऱ्याला रुग्णाचं घर माहीत नसे. आता पिशवी दारात येते आणि आळीला कळतं, म्हणून मित्राशी जोडण्याआधी रुग्णाची संमती घ्यावी लागते. लग्न ठरायच्या वयाची मुलगी घरात असली, की त्या रकान्यात ‘हो’ म्हणायला आईला वेळ लागतो.