३३० की ३००? शाईच्या मर्यादेची पार्श्वभूमी

चार रंगांच्या (सायन, मॅजेंटा, यलो, काळा) छपाईत एका ठिबक्यावर, प्रत्येक रंगाचे १०० धरून, कागदोपत्री ४०० टक्के शाई पडू शकते, पण तेवढी कोणी छापत नाही. ओल्या शाईवर ओली शाई नीट धरत नाही आणि थप्पीत वरच्या कागदाच्या पाठीला डाग लागतात. फिल्मच्या काळात स्कॅनरवरच गडद भागातले तीन रंग कमी करून काळा वाढवला जाई. १९७० च्या दशकात एकाच जाहिरातीच्या फिल्म अनेक मासिकांना जाऊ लागल्या, आणि अमेरिकेत वेब ऑफसेटसाठी, म्हणजे कागदाच्या अखंड रिळावर होणाऱ्या छपाईसाठी, सामाईक नियम बांधले गेले. न्यूजप्रिंटवर तर २४० च्या पुढे जाणं आजही धोक्याचं.

खरा वाद नंतरचा. २००७ मध्ये युरोपात आर्ट पेपरसाठी रूढ झालेल्या प्रोफाइलची, म्हणजे फाइलमधले रंग छपाईच्या शाईत बदलणाऱ्या तक्त्याची, मर्यादा ३३० होती. त्याचीच ३०० ची आवृत्ती निघाली आणि २०१५ च्या नव्या प्रोफाइलने ३०० हाच आकडा धरला. ३०० च्या बाजूने कारणं भक्कम होती: शाई लवकर वाळते, पाठपोट छपाईला थांबावं लागत नाही, शाईही वाचते. भडक रंगांना धक्का लागत नाही हेही खरं, कारण शुद्ध लाल म्हणजे मॅजेंटा १०० आणि यलो १००, बेरीज २०० च.

किंमत मोजतात त्या गडद छटा. ९०-८०-७०-९० ची (सायन, मॅजेंटा, यलो, काळा या क्रमाने) ३३० टक्के सावली ८०-७०-६०-९० वर आणली की काळ्याखालचा आधार पातळ होतो. नुसत्या काळ्याची उजळता (० म्हणजे पूर्ण काळं, १०० म्हणजे पांढरं) आर्ट पेपरवर १६ च्या आसपास थांबते. त्याखाली उतरायला बाकीचे तीन रंग लागतात. काळपट मरून, बाटली हिरवा, रात्रीचं आकाश इथे तपशील एकमेकांत मिसळतात. चित्रांच्या पुस्तकांसाठी, जिथे वाळायला वेळ देता येतो, ३३० सोडायला नको होतं.

ही उणीव मशीनवर शाई चढवून भरून निघत नाही. थर जाड केला की रंग थोडा गडद होतो, मग मॅजेंटा लालसर झुकतो, डॉट गेन (ठिबक्याचं छापताना फुगणं) वाढतो आणि सावल्या आणखी बुजतात. म्हणूनच १९९६ पासूनच्या आंतरराष्ट्रीय मानकात नुसत्या डेन्सिटीऐवजी (शाईच्या थराच्या गडदपणाच्या मापाऐवजी) मोजलेला रंग हे लक्ष्य आहे. अलीकडे नारिंगी, हिरवा, जांभळा जोडून होणाऱ्या सात रंगी छपाईने भडक बाजू बरीच रुंदावली. गडद बाजूला मात्र तिथेही एकूण शाईची मर्यादा पाळावीच लागते.