बहुवारिक रसायनशास्त्रातील प्राध्यापकपद (नाशिक)

नाशिकमध्ये एचपीटी-आरवायके किंवा केटीएचएमसारख्या महाविद्यालयात राहून बहुवारिकांवर, म्हणजे पॉलिमरवर, संशोधन करत प्राध्यापक होण्याचा मार्ग. सहायक प्राध्यापकपदासाठी एमएस्सीला किमान ५५ टक्के गुण आणि नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा लागते. २०२३ पासून या पदाला पीएचडी सक्तीची नाही. सहयोगी प्राध्यापक होताना मात्र ती लागतेच. मंजूर जागा निघेपर्यंत अनेक जण तासिका तत्त्वावर शिकवतात. पीएचडीची नोंदणी याच काळात करून टाकावी, कारण तिला किमान तीन वर्षे जातात आणि सहायक प्राध्यापक असलेल्या मार्गदर्शकाकडे एका वेळी चारच विद्यार्थी असू शकतात.

खरी परीक्षा प्रयोगशाळेत होते. स्टायरीनचे बहुवारिकीकरण, म्हणजे त्याचे रेणू साखळीत जोडणे, साधे वाटते, पण बाटलीतला निरोधक (साठवणीत ही अभिक्रिया रोखणारे रसायन) अॅल्युमिनाच्या स्तंभातून काढला नाही, किंवा द्रवात नायट्रोजन वायू सोडून विरघळलेला ऑक्सिजन घालवला नाही, तर एआयबीएन (अभिक्रिया सुरू करून देणारे रसायन) टाकून ७० अंशांवर तापवूनही अभिक्रिया बराच वेळ सुरूच होत नाही. तयार झालेले बहुवारिक सुमारे दहापट मेथॅनॉलमध्ये थेंबथेंब ओतून अवक्षेपित करतात आणि निर्वात भट्टीत वजन स्थिर होईपर्यंत वाळवतात. पॉलिएस्टरमध्ये अडचण वेगळी: ९५ टक्के अभिक्रिया होऊनही साखळीत सरासरी २०च घटक जुळतात, ९९ टक्क्यांना १००. म्हणून दोन्ही घटक नेमक्या प्रमाणात घेताना वजनातली बारीक चूकही महागात पडते. पॉलियुरेथेनचे काम नाशिकच्या पावसाळ्यात विशेष जपून करावे. त्यातला कच्चा माल, आयसोसायनेट, हवेतला ओलावा घेते, कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि फिल्ममध्ये बुडबुडे राहतात.

जीपीसी (साखळ्यांचा आकार मोजणारे), एनएमआर (रेणूची रचना दाखवणारे), डीएससी (तापवतानाचे बदल मोजणारे) ही उपकरणे महाविद्यालयात नसतील तर नमुने पुण्याला किंवा आयआयटी मुंबईच्या सैफ या चाचणी-उपकरण केंद्राकडे पाठवावे लागतात. त्यामुळे विषय निवडतानाच चाचणीचा खर्च आणि रांग विचारात घेतलेली बरी. माती झाकणाऱ्या आच्छादनाची (मल्चिंगची) विघटनशील फिल्म हा इथल्या द्राक्षबागांना उपयोगी विषय आहे. शिवाय तिची ताणशक्ती आणि मातीतली वजनघट साध्या साधनांनी मोजता येते.

पीएचडीसह रुजू झाल्यास वेतनस्तर १० पासून सुरुवात करून अनुक्रमे ४, ५ आणि ३ वर्षांच्या टप्प्यांनी सहयोगी प्राध्यापकपद मिळते, आणखी ३ वर्षांनी प्राध्यापकपद. त्या शेवटच्या टप्प्याला किमान १० शोधनिबंध लागतात, त्यांतले ३ मूल्यमापन-काळातले, म्हणजे ज्या वर्षांच्या कामावर बढती ठरते त्या वर्षांतले. सहायक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तास प्रत्यक्ष अध्यापन असल्याने लांबणाऱ्या अभिक्रिया बहुधा सुट्टीतच उरकाव्या लागतात.