पाणथळ भूमी परवाना, वाहतूक बांधकामांसाठीचा (अमेरिकेची संयुक्त संस्थाने)

पाणथळ भूमीत भराव टाकून रस्ता, लोहमार्ग वा धावपट्टी बांधण्यापूर्वी घ्यावी लागणारी परवानगी व तिला जोडलेल्या संरक्षक अटी. मुख्य आधार १९७२ च्या स्वच्छ जल अधिनियमातील कलम ४०४. परवाना लष्कराचे अभियंता दल देते. पर्यावरण संरक्षण संस्थेला नकाराधिकार आहे.

या पद्धतीचा उगम कधीकधी १८९९ च्या नद्या व बंदरे अधिनियमात दाखवला जातो. त्या अधिनियमाचा मूळ रोख मात्र जलवाहतूक निर्वेध राखण्यावर होता. पर्यावरणीय कारणासाठी भराव नाकारण्याची प्रथा साधारणतः १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस रुजली, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

भूमी पाणथळ आहे की नाही, हाच खरा वादाचा विषय. अभियंता दलाच्या १९८७ च्या नियमपुस्तिकेनुसार जलप्रिय वनस्पती, जलसंपृक्त मृदा आणि पाण्याचे अस्तित्व ही तिन्ही लक्षणे सामान्यतः एकत्र दिसावी लागतात. वनस्पतींच्या वाढीच्या हंगामापैकी १२.५ टक्क्यांहून अधिक काळ माती पृष्ठभागापर्यंत संपृक्त राहिली, तर जलविज्ञानाची कसोटी पुरी होते. ५ टक्क्यांखाली ती होत नाही. मधला पट्टा इतर पुराव्यांवर ठरतो. उन्हाळ्यात कोरडी दिसणारी जमीनही म्हणून पाणथळ असू शकते. मातीतील करडा रंग व गंजासारखे ठिपके तिची ओळख पटवतात. संघराज्याच्या विविध संस्थांनी मिळून काढलेल्या १९८९ च्या संयुक्त पुस्तिकेने सीमा फार विस्तारली, असा आक्षेप आला आणि काँग्रेसने (अमेरिकी संसदेने) तिच्या वापरावर निर्बंध घातल्यावर दल १९८७ च्या पुस्तिकेकडे परतले. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२३ च्या सॅकेट निकालाने संघराज्याचे अधिकारक्षेत्र आणखी आकुंचित केले : नदी-तलावांसारख्या जलाशयांशी पृष्ठभागावरून सलग जोडलेल्या पाणथळीच आता कक्षेत येतात. पूरनियंत्रण व भूजल यांच्या दृष्टीने ही हानी गंभीर आहे, कारण एकाकी दिसणारी पाणथळही बहुधा भूजलाशी जोडलेली असते.

१९८० च्या मार्गदर्शक नियमांत मोलाची तरतूद अशी, की ज्या कामाला पाण्याची जवळीक अपरिहार्य नाही, त्याला कमी हानीचा पर्याय उपलब्ध आहे असे गृहीत धरले जाते. रस्ता बहुधा याच वर्गात मोडतो. पर्याय नाही, हे बांधणाऱ्याने सिद्ध करायचे. क्रम असा : आधी हानी टाळणे, मग कमी करणे, शेवटी भरपाई. आखणी वळवणे शक्य नसल्यास खांबांवरचा पूल सुचवला जातो, कारण अशा पुलाचे खांब सामान्यतः भरावात मोजले जात नाहीत.

लहान कामांना राष्ट्रव्यापी परवाना क्रमांक १४ लागू पडतो. मर्यादा अर्धा एकर. भरती-ओहोटीच्या पाण्यात एक-तृतीयांश एकर. कलम ४०१ अन्वये राज्याचे जलगुणवत्ता प्रमाणपत्रही लागते.

भरपाईसाठी २००८ च्या नियमाने पाणथळ-पेढ्यांना प्राधान्य दिले. म्हणजे अन्यत्र आधीच पुनरुज्जीवित केलेल्या पाणथळीची पत विकत घेणे. राज्यांचे महामार्ग विभाग या पद्धतीचे आरंभीचे वापरकर्ते होते. मिशिगन व न्यू जर्सी ही राज्ये कलम ४०४ चे परवाने स्वतः देतात.