मायक्रोफ्लुइडिक वाहिन्यांतील कणांवरील बलांचे सिम्युलेशन

केसाइतक्या अरुंद वाहिन्यांतून वाहणाऱ्या द्रवात पेशी, मणी वा थेंब यांच्यावर कोणती बले पडतात आणि ते शेवटी कुठे पोहोचतात, याचा संगणकावर मांडलेला हिशेब. पेशी मोजणाऱ्या किंवा आकारानुसार वेगळ्या करणाऱ्या चिपचा आराखडा ठरवताना तो लागतो.

१०० मायक्रोमीटर रुंदीच्या वाहिनीत पाणी सेकंदाला १ मिलिमीटर वेगाने वाहत असेल, तर रेनॉल्ड्स अंक, म्हणजे प्रवाहातील जडत्वाचे श्यानतेशी (द्रवाच्या चिकटपणाशी) असलेले गुणोत्तर, जेमतेम ०.१ भरतो. खळबळ नसते, श्यानतेचाच अंमल चालतो. गोल कणावरील कर्षण, म्हणजे द्रवाचा ओढ देणारा रोध, भौतिकशास्त्रज्ञ स्टोक्स यांच्या १८५१च्या सूत्राने मिळते. १० मायक्रोमीटर व्यासाचा मणी पाण्याच्या तुलनेत सेकंदाला १ मिलिमीटर मागे पडला, तर त्याच्यावर सुमारे ९४ पिकोन्यूटन (न्यूटनच्या एक लाख कोटीव्या भागाला पिकोन्यूटन म्हणतात) बल येते. मणी पॉलिस्टायरीनचा असेल तर उत्प्लावन (पाण्याचा वर उचलणारा जोर) वजा जाता त्याचे वजन पाव पिकोन्यूटनच उरते.

सोप्या पद्धतीत आधी प्रवाह सोडवतात आणि कणाला बिंदू मानून त्याचा मार्ग काढतात. असा मणी पाच-सहा मायक्रोसेकंदांत प्रवाहाशी जुळवून घेतो. त्यामुळे गणनेतील कालखंड फार बारीक ठेवावा लागतो. बहुतेक वेळा जडत्व वगळून बलांच्या समतोलातूनच वेग काढणे शहाणपणाचे. असमान विद्युतक्षेत्राची किंवा ध्वनिलहरींची बलेही यात जोडता येतात. ती त्रिज्येच्या घनानुसार वाढतात, कर्षण मात्र त्रिज्येच्याच प्रमाणात. मोठे कण आधी बाजूला सरकतात ते यामुळे. मायक्रोमीटरहून लहान कणांसाठी ब्राउनीय धक्केही, म्हणजे द्रवाच्या रेणूंच्या सततच्या टकरीही, धरावे लागतात.

वेग वाढला की बिंदूची कल्पना अपुरी पडते. सेग्रे आणि सिल्बरबर्ग या संशोधकांना १९६१ मध्ये दिसले, की गोल नळीत वाहणारे कण केंद्रापासून त्रिज्येच्या सुमारे ०.६ अंतरावर कड्यासारखे गोळा होतात. प्रवाहवेगाच्या बदलत्या उतारामुळे कण भिंतीकडे ढकलला जातो, भिंत त्याला परत लोटते, आणि दोन्ही जिथे तुल्यबळ होतात तिथे तो स्थिरावतो. चौरस वाहिनीत अशा जागा साधारणपणे चार, प्रत्येक भिंतीच्या मध्यासमोर एक. ही आडवी बले कणाच्या आकारमानामुळेच निर्माण होतात, म्हणून कणाभोवतीचा प्रवाह प्रत्यक्ष सोडवावा लागतो.

त्यासाठीची युक्ती सुंदर आहे. निरीक्षक कणाबरोबर चालतो असे धरायचे: कण जागेवर, भिंती मागे सरकणाऱ्या. कणाचा पुढे जाण्याचा आणि फिरण्याचा वेग असा शोधायचा, की प्रवाहाच्या दिशेचे बल आणि बलाघूर्ण (फिरवणारा जोर) दोन्ही शून्य व्हावेत. उरते ते आडवे बल. वाहिनीच्या छेदातील अनेक जागी हे करून बलांचा नकाशा तयार होतो. सेकंदाला १० सेंटिमीटर वेगालाही हे आडवे बल पिकोन्यूटनच्या घरातलेच असते. कणाच्या पृष्ठभागाजवळचे जाळे (गणनेसाठी जागेचे केलेले लहान तुकडे) ओबडधोबड राहिले, तर आकडेमोडीतली चूकच त्याहून मोठी भरते. जाळे बारीक करूनही उत्तर हलत नाही, हे तपासल्याशिवाय नकाशावर विसंबू नये.

तांबड्या पेशींसारखे लवचीक कण प्रवाहात आकार बदलतात. तिथे पेशीच्या पटलाचा ताण प्रवाहासोबतच सोडवावा लागतो. त्यासाठी लॅटिस बोल्ट्झमन (प्रवाह सोडवणारी) आणि इमर्स्ड बाउंडरी (लवचीक पटल प्रवाहाशी जोडणारी) या पद्धतींची जोडी अनेकदा वापरली जाते.