युरोपच्या शुल्क सवलतीसाठी ‘मानवाधिकार दाखला’ मागणाऱ्याला पैसे देऊ नका

हापूस आणि काजूगर पाठवणाऱ्यांसाठी आधी सांगतो: ताजा आंबा आणि काजूगर यांवर युरोपीय संघात मुळातच शुल्क नाही, त्यामुळे जीएसपी (विकसनशील देशांच्या मालाला युरोप देतो ती शुल्क सवलत) हिच्या मागे धावू नका. खरा फायदा मासळीवाल्यांचा आहे. गोठवलेल्या कोळंबीवर नेहमीचं शुल्क १२ टक्के, तर भारतीय मालाला ४.२ टक्के.

ही सवलत मानवाधिकारांशी जोडलेली आहे हे ऐकून लोक घाबरतात आणि ‘दाखला काढून देतो’ म्हणणाऱ्याच्या हाती पैसे ठेवतात. असा दाखला अस्तित्वातच नाही. २०१२ च्या युरोपीय नियमानुसार अट देशावर आहे, निर्यातदारावर नाही. पाकिस्तान, श्रीलंका यांना मिळणाऱ्या ‘जीएसपी प्लस’साठी २७ आंतरराष्ट्रीय करार मान्य करावे लागतात. भारत साध्या जीएसपीत असल्याने ती अट आपल्याला नाही. मात्र मानवाधिकार आणि कामगार हक्कांच्या १५ मूलभूत करारांची गंभीर, सातत्याने पायमल्ली झाली तर साधी सवलतही काढून घेता येते. कंबोडियाची सवलत ऑगस्ट २०२० मध्ये अंशतः गेली, तेव्हा कागद चोख ठेवणारे कारखानदारही भरडले गेले.

खरेदीदार कामगारांच्या वागणुकीबद्दल वेगळी प्रश्नावली पाठवतो, तो त्याचा स्वतःचा हट्ट असतो, पण ती थापा मारून भरू नका. खलाशाला दिलेली उचल फिटेपर्यंत त्याला बोटीवर अडकवून ठेवणं ही वेठबिगारी आहे, आपल्याकडे १९७६ पासून गुन्हा. नेपाळी खलाशांची ओळखपत्रं तांडेलाकडे (बोटीच्या प्रमुखाकडे) किंवा मालकाकडे असतील तर आजच परत द्या. कोळंबी सोलणाऱ्या बायकांची मजुरी वहीत त्यांच्या नावावर लिहा.

आता अर्ज. सवलत घ्यायची तर ६,००० युरोपेक्षा मोठ्या कन्साइनमेंटला रेक्स क्रमांक (निर्यातदाराचा नोंदणी क्रमांक) हवा. ऑनलाइन पूर्व-अर्ज भरायचा, छापून सही-शिक्का करायचा आणि आयईसीच्या (आयात-निर्यात परवाना क्रमांकाच्या) प्रतीसह मासळीसाठी एमपीईडीएकडे (सागरी उत्पादन निर्यात विकास प्राधिकरणाकडे) द्यायचा. नाव-पत्ता आयईसीवर आहे तस्साच लिहा.

अडतं ते नंतर, मालाचं मूळ, म्हणजे मासळी भारतीयच आहे हे, सिद्ध करताना. १२ सागरी मैलांच्या आत पकडलेली मासळी आपलीच धरतात. त्यापलीकडची असेल तर बोट भारतात किंवा युरोपीय संघात नोंदलेली, त्याच झेंड्याखालची आणि किमान निम्मी मालकी तिथल्याच लोकांची असलेली लागते. मिरकरवाड्याला किंवा हर्णैला लिलावात दलालाकडून माल उचलणाऱ्याकडे बोटीचा कागदच नसतो, आणि महिन्यांनी तपासणी आली की तो दलाल फोन उचलत नाही. म्हणून बोटीचं नाव आणि नोंदणीची प्रत खरेदीच्या दिवशीच घ्या. युरोपसाठी २०१० पासून सक्तीच्या असलेल्या कॅच सर्टिफिकेटलाही (मासळी कायदेशीर पकडल्याच्या दाखल्यालाही) हीच माहिती लागते, म्हणजे कष्ट एकदाच. एवढी साधी गोष्ट कार्यालयं अर्ज घेतानाच सांगत नाहीत, याचा मला खरंच राग येतो.

मुदतीचा घोळ असा: १२ महिने चालतं ते इन्व्हॉइसवरचं ‘स्टेटमेंट ऑन ओरिजिन’ (माल कुठला ते सांगणारं निर्यातदाराचं निवेदन), रेक्स नोंदणी नव्हे. दरवर्षी नोंदणी नव्याने करायला लावणाऱ्याला नकार द्या. स्टेटमेंट राहून गेलं तर माल गेल्यावरही देता येतं, आयातीपासून दोन वर्षांच्या आत. मजकूर ठरलेलाच हवा, इंग्रजी, फ्रेंच किंवा स्पॅनिशमध्ये, आणि पूर्णपणे आपल्याच मासळीसाठी निकषाच्या जागी ‘पी’ हे अक्षर. कागद किमान तीन वर्षं सांभाळा.