गावच्या आराखड्यात आपलं काम कसं घालायचं? सर्वेक्षण, अर्ज आणि ग्रामसभा

'आमच्या गल्लीत गटार कधी होणार?' असं ग्रामसभेत विचारलं की ठरलेलं उत्तर मिळतं, 'आराखड्यात नाही.' बहुतेक वेळा ते खरंही असतं. ग्रामपंचायतीला वित्त आयोगाचा (केंद्राकडून येणारा) निधी खर्च करायचा तर काम ग्रामपंचायत विकास आराखड्यात असावं लागतं. महाराष्ट्रात हा आराखडा 'आमचं गाव, आमचा विकास' उपक्रमातून २०१५ पासून होतो. त्यामुळे भांडायचंच असेल तर आराखडा ठरण्याआधी भांडा.

पुढच्या आर्थिक वर्षाच्या आराखड्याची मोहीम साधारणपणे २ ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होते. सुरुवात गावाच्या माहितीने होते. केंद्र सरकारच्या मिशन अंत्योदय सर्वेक्षणात गावातल्या सोयींची नोंद घेतात: रस्ते, पाणी, शाळा, आरोग्य, सांडपाणी. जिथे कमी गुण, तिथे उणीव, आणि उणिवांवरून कामांची निवड, असा हिशोब. बचतगटांच्या महिला आपला वेगळा आराखडाही देतात. त्याशिवाय शिवारफेरी, महिला सभा, वॉर्ड सभा.

कागदावर हे सगळं छान आहे. पण सर्वेक्षणाची उत्तरं कार्यालयात बसून भरली गेली, तर तुमच्या वस्तीत चार महिने टँकर येतो हे त्यात उतरणारच नाही. म्हणून भरलेल्या सर्वेक्षणाची प्रत मागा. ते ग्रामसभेपुढे ठेवायचं असतं. चूक दिसली तर तिथेच हरकत घ्या आणि ती इतिवृत्तात (सभेच्या लेखी नोंदीत) लिहून घ्या. माझ्या मते अख्ख्या प्रक्रियेत सर्वांत जास्त उपयोगी आणि सर्वांत कमी वापरली जाणारी पायरी हीच.

कोण मागणी करू शकतं?

गावच्या मतदारयादीत नाव असलेली प्रत्येक व्यक्ती ग्रामसभेची सदस्य असते. यादीत नाव नसलेले, म्हणजे भाडेकरू किंवा नव्याने आलेली सून, लेखी मागणी देऊ शकतात. मत मात्र मतदारांचंच. नियमित ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यावीच लागते. पाणी आणि शौचालयाचे विषय तिथे आधी ठरावात आणले, तर मोठ्या सभेत ते बाजूला सारणं अवघड जातं.

अर्ज आणि कागदपत्रं

छापील नमुना शोधत बसू नका, साधा कागद चालतो. सरपंच आणि ग्रामसेवक (आता पदनाम ग्रामपंचायत अधिकारी) यांच्या नावे अर्ज लिहा. 'गटार करावी' एवढ्याने भागत नाही. असं लिहा: 'मारुती मंदिरामागच्या गल्लीत, शेवटच्या विजेच्या खांबापासून ओढ्यापर्यंत बंदिस्त गटार. पावसाळ्यात पाणी घरांत शिरतं. गल्लीत इतकी घरं.' मोघम लिहिलेलं काम आराखड्यात 'अंतर्गत गटार बांधकाम' होऊन बसतं आणि मग ते कुठल्याही गल्लीत होऊ शकतं.

सोबत जागेचा फोटो आणि गल्लीतल्या लोकांच्या सह्या जोडा. खरी अडचण असते ती जागेची. रस्त्याचं काम असेल तर तो ग्रामपंचायतीच्या नमुना २३ मध्ये, म्हणजे रस्त्यांच्या नोंदवहीत, नोंदलेला आहे का पाहा. इमारत किंवा टाकी असेल तर जागेचा नमुना ८ (कर आकारणीचा उतारा) किंवा सातबारा लागेल, खाजगी जागा असेल तर मालकाचं लेखी संमतीपत्र. यातलं काही राहिलं की काम मंजूर होऊनही वर्षभर पडून राहतं. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्यायला विसरू नका.

निधी कशाला चालतो?

१५व्या वित्त आयोगात २०२१ ते २०२६ या काळासाठी ग्रामपंचायतीच्या निधीतला ६० टक्के वाटा बंधित, म्हणजे ठरावीक कामांसाठीच राखलेला, होता: ३० टक्के पिण्याचं पाणी आणि जलसंधारणासाठी, ३० टक्के स्वच्छतेसाठी. उरलेला ४० टक्के गावच्या गरजेनुसार, पण पगार आणि आस्थापनेवर नाही. गटाराची मागणी स्वच्छतेत बसवता येते. कमानीची नाही बसत, कितीही सह्या असल्या तरी. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातून महिला व बालकल्याणासाठी १० टक्के, मागासवर्गीयांसाठी १५ टक्के आणि दिव्यांगांसाठी ५ टक्के खर्च करणं बंधनकारक आहे. दिव्यांगांच्या रकमेची चौकशी क्वचितच कोणी करतं.

ग्रामसभा आणि नंतर

गणपूर्तीला (सभेसाठी लागणाऱ्या किमान हजेरीला) एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांपैकी जी संख्या कमी असेल ती लागते. माणसं कमी पडली की सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. मोजक्या माणसांत आराखडा मंजूर होण्याचा हा सरळ रस्ता आहे. तेव्हा तहकूब सभेची तारीख विचारूनच घरी जा. तुमचा विषय ऐनवेळच्या विषयांवर सोडू नका, विषयपत्रिकेत घ्यायला आधीच सांगा.

मंजूर आराखडा ई-ग्रामस्वराज पोर्टलवर चढवतात. राज्य, जिल्हा, तालुका, ग्रामपंचायत आणि वर्ष निवडलं की कामांची यादी आणि रकमा लॉगिनशिवाय दिसतात, 'मेरी पंचायत' ॲपवरही पाहता येतात. आराखड्यात नाव आलं म्हणजे लगेच कुदळ पडते असं नाही. अभियंत्याचं अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता आणि प्रशासकीय मान्यता बाकी असते.

ठरावात असलेलं काम यादीतून गायब असेल तर इतिवृत्ताची प्रत मागा. तोंडी मागून मिळाली नाही तर १० रुपये शुल्क भरून माहिती अधिकारात अर्ज करा, आणि प्रत हातात आली की गटविकास अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार द्या. तक्रारीला आवक शिक्क्याचा तो पहिला अर्ज जोडा.