‘सारखं’ आलं की ‘टू’? नाही भावा!

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या इंग्रजीच्या शिकवणीत आम्ही घोकलेला नियम: सारखेपणा आला की पुढं ‘टू’ (to). अर्धाच खरा. ‘सिमिलर’ला ‘टू’ लागतं. ‘सेम’ला मात्र ‘अ‍ॅज’, आणि आधी ‘द’ही: ‘धिस चप्पल इज द सेम अ‍ॅज दॅट वन’. खरी गोची ‘रिझेम्बल’ची, म्हणजे ‘सारखं दिसणं’ची. हे क्रियापद थेट कर्म घेतं, मध्ये काहीच नको: ‘शी रिझेम्बल्स हर मदर’. मराठीत ‘आई’ला ‘सारखी’ चिकटतं ना, म्हणून हात आपोआप ‘टू’कडं जातो. ‘इक्वल’ तर दुटप्पी! विशेषण असताना ‘इज इक्वल टू’, क्रियापद झालं की नुसतं ‘थ्री प्लस वन इक्वल्स फोर’. आणि ‘सेम टू सेम’? महाद्वार रोडवर घासाघीस करताना खुशाल म्हणा, पेपरात नको.